शेवटच्या लाँचची दुसरी खेप

३ नोव्हेंबर

वर तोंड करून थुंकलं की ते कुठे येतं, याचा प्रत्यय आज सकाळी सव्वाअकराला कचेरीत आला. चहाचा कप हातात होता.

गेली अकरा वर्षं मी दर रविवारी वर्तमानपत्रात एक स्तंभ लिहितो. कागदोपत्री त्याचा विषय कला. प्रत्यक्षात तो शिळ्या कढीला येणाऱ्या उताविषयी असतो. जुन्या गाण्याला नवे ठोके लावून विकणारे, जुन्या सिनेमाचा फक्त नायक बदलून बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवणारे, जुन्या नाटकातल्या म्हातारीला तरुण करून ‘नव्या रूपात’ म्हणणारे, अशा सगळ्यांची मी आजवर यथासांग बोळवण केली आहे. कचेरीत मला ‘मूळपुरुष’ म्हणतात. संपादकांच्या मते हे कौतुक आहे.

तर फोन रेडिओ केंद्रातून. आवाज कोवळा, पण हुकमी. नाट्यविभागाची निर्माती.

‘सर, तुमचं “शेवटची लाँच” आम्हाला परत करायचंय.’

‘पोस्टाने पाठवा,’ मी म्हटलं. ‘इतकी वर्षं सांभाळलंत, उपकार झाले.’

‘परत म्हणजे पुन्हा, सर. नव्याने. रीमेक.’

हा शब्द तिने माझ्याच नाटकाविषयी मलाच ऐकवला.

दुपारी जाऊन आलो. हकिकत अशी. सत्तावीस वर्षांपूर्वी मी एक श्रुतिका लिहिली होती. एकच. अठ्ठावीस मिनिटं, दोन आवाज. बेटावरच्या धक्क्यावर एक मुलगा एका मुलीला पोचवायला आला आहे. ती नोकरीसाठी लांब निघाली आहे. लाँच यायची आहे. दोघं बॅग, छत्री, वारा, तिकीट अशा सगळ्या विषयांवर बोलतात आणि बोलायचं तेवढं सोडून देतात. लाँच येते, ती जाते, संपलं. ठरलेल्या नटाचा घसा बसला म्हणून पहिला आवाज माझाच होता.

त्या काळी केंद्रात टेपा मोजक्या. एकदा वाजलेली टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरं काही घ्यायचं, अशी रीत. निर्मातीने जाड नोंदवही काढून दाखवली. ‘शेवटची लाँच’वर तिरपी रेघ आणि पुढे लिहिलेलं: ‘हवामान’. म्हणजे माझ्या नाटकावर सत्तावीस वर्षं पाऊस पडतो आहे.

आता हे उकरून का काढलं? एका श्रोत्या बाईंचं पत्र आलं आहे. निवृत्त नर्स. त्यांनी ते तेव्हा कामावर असताना ऐकलं होतं आणि मरायच्या आधी पुन्हा ऐकायचं आहे म्हणतात. पुन्हा ऐकवायला मूळ शिल्लक नाही, म्हणून नवं करायचं. त्याच दोन आवाजांत.

‘आमची वयं?’ मी विचारलं.

‘रेडिओवर दिसत नाहीत, सर.’

‘ऐकू येतात.’

‘ते आम्ही बघून घेऊ. संहिता आहे ना तुमच्याकडे?’

माझी प्रत कचेरी हलवताना गहाळ झाली. दुसरी एकच आहे, आणि ती कुणाकडे आहे हे मला चांगलं माहीत आहे. ‘बघतो,’ म्हणून उठलो.

५ नोव्हेंबर

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात राहतो आणि एकमेकांच्या डोळ्यांच्या थेंबांची वेळ सांभाळतो.

‘फोन केलास?’

‘करतो.’

‘कालही करतोच म्हणालास.’

‘वर्तमानकाळ भविष्याच्या अर्थीही वापरता येतो.’

‘तू वापरतोसच. सत्तावीस वर्षं.’

ताई फार बोलत नाही, पण बोलली की जखमेवर आयोडीन लावल्यासारखं.

संहितेत आम्हा दोघांना नावं नव्हती. ‘पहिला आवाज’ आणि ‘दुसरा आवाज’, एवढंच. इथेही तेच चालवतो. तिचं नाव इतक्या वर्षांत लिहिलेलं नाही; या वयात नवीन सवय नको.

सहा वाजता फोन केला. ‘हॅलो’ म्हणाली. आवाज जरा जाड झाला आहे. पण शब्दाच्या शेवटी तो किंचित वर उचलला जातो, एक पायरी जास्त आहे असं वाटून पाऊल टाकावं तसा, ते तसंच आहे. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं म्हणून बरं.

‘बोला ना, ऐकतेय मी,’ ती म्हणाली. ‘बोला.’ आदरार्थी बहुवचनाने आदर व्यक्त होतो असं मी आजवर समजत आलो.

‘ती प्रत तुमच्याकडे असेल का?’

‘आहे. तुमच्याच अक्षरातली.’

‘शोधावी लागेल ना.’

‘नाही. शोधावी नाही लागणार.’

तेव्हाही भारी नीटनेटकी होती.

६ नोव्हेंबर

ती प्रत तिच्याकडे कशी गेली हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण आता वाद त्यावरच होणार अशी चिन्हं आहेत.

मी संस्कृत शिकलो ते हस्तलिखितं ताडून पाहणाऱ्या एका गुरुजींकडे. काम असं: एकाच ग्रंथाच्या पाच जुन्या प्रती समोर ठेवायच्या. चारांत नसलेली ओळ पाचवीत सापडली, तर ती कुणा नकलकाराने मागाहून घुसडलेली. तिला प्रक्षिप्त म्हणायचं आणि तळटीपेत हद्दपार करायचं. गुरुजींचा नियम होता, ओळ जितकी सुंदर तितकी संशयास्पद.

आता पान एकोणीस. माझ्या संहितेत लाँच दिसू लागल्यावर मुलगी विचारते, ‘पत्र पाठवशील ना?’ मुलगा उत्तर देत नाही. म्हणतो, ‘लाँच लागली. सांभाळून चढ.’ सगळं नाटक या एका न दिलेल्या उत्तरावर उभं आहे.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी दुसऱ्या आवाजाने हे वाक्य घेतलंच नाही. कागद खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तू म्हणालास तर मी नाही जाणार.’

नवखा नट गडबडला असता. मी गडबडलो नाही. क्षणाचाही विलंब न लावता पुढचं वाक्य घेतलं: ‘लाँच लागली. सांभाळून चढ.’ टेप महाग, दुसरी खेप मिळायची नाही, तसंच प्रसारित झालं. माझ्या प्रसंगावधानाचं पुढे बरेच दिवस मला कौतुक होतं. तिने काही खुलासा केला नाही. मग मी घरी बसून सबंध संहितेची शुद्ध प्रत स्वहस्ते तयार केली आणि तिला पोस्टाने पाठवली. तळाशी नम्र टीप: ‘पान १९ वरील आपले वाक्य प्रक्षिप्त आहे. कृपया दुरुस्त करून घ्यावे.’

ती त्याच सुमारास परगावी नोकरीवर गेली. तिथेच लग्न केलं. पोच काही आली नाही.

९ नोव्हेंबर

पहिलं वाचन. ती साडेदहाच्या बसने आली. केस पांढरे झालेत आणि काळे करायच्या भानगडीत ती पडलेली नाही. गळ्याला मफलर होता. ‘हे सोडतच नाहीत त्याशिवाय,’ म्हणाली. हे म्हणजे तिचे यजमान. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेत. मी ‘छान’ म्हणालो. मोजणी छान की मफलर, ते माझं मलाच कळलं नाही.

पिशवीतून प्रत काढली. पानं पिवळी पडली आहेत, पण एकालाही दुमड नाही. माझं त्या वेळचं अक्षर बघून मला त्या मुलाचा हेवा वाटला. किती खात्रीने लिहायचा.

एकोणिसाव्या पानाशी निर्माती अडली. ‘सर, इथे “पत्र पाठवशील ना” आहे. पण नर्सबाईंनी पत्रात वेगळं वाक्य लिहिलंय. “तू म्हणालास तर मी नाही जाणार.” त्यांना तेच ऐकायचंय.’

‘ते मुळात नाही.’

‘पण वाजलं ते होतं ना?’

‘वाजलं म्हणजे मूळ नव्हे. मूळ म्हणजे लिहिलेलं.’

‘लोकांनी ऐकलं ते मूळ नाही, आणि कुणीच न ऐकलेलं मूळ?’ पोरगी हुशार आहे. माझ्या स्तंभाची कात्रणं काढून बसली होती. ‘तुम्हीच लिहिता, सर, नव्याने करणाऱ्यांनी जुन्यात स्वतःचं काही घुसडू नये. त्यांनी तर जुनं करतानाच घुसडलं. मग ते जुनंच झालं.’

या युक्तिवादाला शास्त्रात उत्तर आहे. ऐन वेळी आठवलं नाही. दुसऱ्या आवाजाला विचारलं, ‘तुमचं काय मत?’

ती मफलरच्या गोंड्यांशी खेळत होती. ‘मला दोन्ही चालेल. लेखक ठरवतील.’

मी ठरवलं. मूळ तेच राहील.

कोपऱ्यात आवाजवाले मामा बादलीत हात घालून लाटा करून बघत होते. सत्तावीस वर्षांपूर्वीही लाटा त्यांनीच केल्या होत्या. निवृत्तीतून बोलावून आणलं आहे. म्हणाले, ‘बादली मात्र नवी आहे हां साहेब. जुनी गळायला लागली.’

‘आवाजात फरक पडेल?’

‘पाण्याला काय कळतंय बादली कुठली ते.’

१२ नोव्हेंबर

नर्सबाईंकडे गेलो. पुरावा तपासावा म्हणून. साक्षीदाराची स्मृती कितपत भरवशाची, हे वार्ताहराने स्वतः बघायचं असतं. मी लेखक आहे हे सांगितलं नाही, नुसता ‘वर्तमानपत्रातून’ म्हणालो.

तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीत रेडिओ, त्याच्यावर विणलेलं झाकण. बाईंचं वय ऐंशीच्या घरात, कान तिखट.

‘कितीदा ऐकलंत?’

‘एकदाच की. दुपारची पाळी होती. वॉर्डात एक पेशंट होते, त्यांच्या उशाशी रेडिओ. मी इंजेक्शन हातात धरून उभीच राहिले. ते म्हणाले, बाई, टोचा आता, नाहीतर ठेवून द्या.’

‘आणि वाक्य अगदी तेच होतं? लोकांना नंतर वेगळं आठवतं, म्हणून विचारतो.’

‘“तू म्हणालास तर मी नाही जाणार.” मला काय म्हातारचळ लागलाय?’

‘तसं नाही. पण ते वाक्य नाटकात लिहिलेलं नव्हतं, असं कळतं.’

‘नव्हतंच,’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘ते काय मला कळलं नाही? बाकी सगळी पोरगी नाटकातली बोलत होती. तेवढं एक स्वतःचं बोलली. आम्ही आयुष्यभर माणसांच्या उशाशी बसलो. कोण कधी खरं बोलतं ते ऐकू येतं.’

मी वहीत लिहून घेतलं.

‘आणि तो मुलगा,’ बाई म्हणाल्या, ‘तो कोण होता हो? लाँच लागली म्हणे. ठोंब्या.’

‘हयात आहे,’ मी म्हटलं.

चहा दिला. दोन बिस्किटंही. समीक्षा म्हणून बाईंचा अभिप्राय फारच भाबडा आहे. कलावंताचं खाजगी आयुष्य कलाकृतीत शोधण्याचा दोष सामान्य श्रोत्यांत आढळतोच. उतरताना जिन्यात वही विसरल्याचं लक्षात आलं. परत तीन मजले चढलो.

१३ नोव्हेंबर

स्तंभ पाठवायचा दिवस. विषय ठरलेला होता, एका जुन्या गाण्याची नवी आवृत्ती. तीन वेळा ऐकली. वाईट आहे. पण ती गाणारी मुलगी दुसऱ्या कडव्यात कुठेतरी मूळ गायिकेच्या अगदी जवळ जाते, आणि मग घाबरल्यासारखी बाजूला होते. तेवढ्यासाठी चौथ्यांदा ऐकलं. संपादकांना ‘प्रकृती बरी नाही’ असं कळवलं.

१६ नोव्हेंबर

दुसरं वाचन. नंतर तिच्या बसला वेळ होता म्हणून केंद्राच्या कँटीनमध्ये बसलो. टेबलाचा एक पाय आखूड होता. तिने तिकिटाची घडी करून त्याखाली सारली.

‘रविवारचं ते तुम्हीच लिहिता ना? आमच्याकडे येतो पेपर. एक दिवस उशिरा.’

‘वाचता?’

‘हे मोठ्याने वाचून दाखवतात. फार आवडतं त्यांना. म्हणतात, या माणसाला काहीच कसं पसंत पडत नाही?’

‘मग तुम्ही काय म्हणता?’

‘मी म्हणते, पहिल्या खेपेला पडलं असेल एखादं.’

मी साखर ढवळत राहिलो. साखर घातलीच नव्हती, हे नंतर कळलं.

मग ती सहज म्हणाली, ‘त्या नोकरीवर मला लगेच हजर व्हायला सांगितलं होतं. मी तीन आठवडे मागून घेतले होते, माहितीये?’

‘नव्हतं माहीत. तीन आठवडे कशाला?’

‘सामान आवरायला.’

मला हसू आलं. तिचं सामान म्हणजे एक बॅग. नाटकात बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आहे ना, ती तिचीच बॅग होती. मामांनी मागून घेतली होती. एका बॅगेला तीन आठवडे. म्हटलं, ‘भलत्याच संथ होता तुम्ही.’

‘हो ना,’ ती म्हणाली.

बस आली.

१७ नोव्हेंबर

आज सकाळी दाढी करताना मनात हिशेब आला.

ध्वनिमुद्रण झालं ते महिन्याच्या दोन तारखेला. शुद्ध प्रत करायला मला अठरा दिवस लागले. अक्षर सुंदर यावं म्हणून दोनदा लिहून काढली. पोस्टात टाकली वीसला. बावीसच्या आत तिला मिळाली असणार. ती गेली तेवीसला.

ती तीन आठवडे थांबली होती. त्या तीन आठवड्यांत माझ्याकडून तिला एकच गोष्ट पोचली. पानोपानी सुवाच्य, आणि तळाशी टीप.

कानाखाली साबण वाळून गेला. ताईने बाहेरून विचारलं, ‘अरे, झालं का? पाणी जाईल.’ मी म्हणालो, ‘झालं.’

१८ नोव्हेंबर

गुरुजी चार प्रतींत नसलेलं ते प्रक्षिप्त ठरवायचे. पण चारही प्रती माझ्याच हातच्या असतील तर? तशी तुलना करायला मला कुणी शिकवलं नाही. तिचं ते वाक्य ही पाचवी प्रत होती. एकदाच वाजली आणि तिच्यावर हवामान घेतलं.

निर्मातीला फोन केला. ‘ते वाक्य ठेवा. नर्सबाईंचं.’

‘खरंच, सर? मग तुमचं पुढचं?’

‘ते मी बघतो. बदलणार आहे.’

‘मूळ बदलणार?’ पोरगी हसली. ‘रविवारी तुमच्या पेपरात छापून आणू का?’

‘छापा.’

२० नोव्हेंबर

‘तू म्हणालास तर मी नाही जाणार,’ यावर मुलाची उत्तरं:

‘मग नको जाऊस.’ (मग कशाला? अट वाटते.)

‘थांब.’ (बस कंडक्टर.)

‘मी म्हणतो.’ (शपथविधी.)

‘बॅग दे इकडे.’ (बरं आहे. पण बॅग घेऊन हा कुठे जाणार ते कळत नाही.)

अशी अकरा उत्तरं झाली. दोन हजार शब्द डोळे मिटून लिहिणारा माणूस दोन शब्दांपाशी दोन दिवस अडून आहे. त्या वयातल्या मुलाला एका क्षणात सुचायला हवं होतं म्हणून त्याच्यावर मी रागावलो होतो. आज जरा दया आली.

शेवटी सगळ्यात साधं ठेवलं. ‘नको जाऊस.’

आपण पन्नाशी ओलांडलेलो आहोत, तिचे यजमान तिला मफलर देतात, आणि आमच्या दोघांच्या बोलण्याने आता कुणाचीही बस चुकणार नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. पण ते वाक्य सत्तावीस वर्षं हवेत लटकलं आहे. नाटकात का होईना, त्याला उत्तर मिळावं. नव्याने करण्यात अर्थ असलाच तर तो हाच असावा, असं आज वाटतं. आजवर ज्यांची बोळवण केली त्या सगळ्यांची क्षमा मागावी असंही वाटलं होतं. मग यादी किती लांब होईल ते आठवलं.

२२ नोव्हेंबर

ध्वनिमुद्रण.

खोलीला गादीसारख्या भिंती, मधे एकच माइक, समोरासमोर आम्ही. कागद वाजू नयेत म्हणून पानं सुटी ठेवायची. वाचून झालेलं पान हातातून गालिच्यावर सोडून द्यायचं. सतरा, अठरा. पानं आमच्या पायांभोवती साचत गेली. तिचा आवाज वाचता वाचता पातळ होत गेला की माझे कान, कोण जाणे. पंचविशीतली मुलगी बोलत होती आणि तिला कुणी तसं बोलायला सांगितलेलं नव्हतं.

पान एकोणीस. मामांनी बादलीत हात घातला. माझ्या पानावर जुनं वाक्य खोडून वर पेनाने लिहिलं होतं, ‘नको जाऊस.’ मी श्वास घेऊन तयार राहिलो.

तिने कागद खाली केला. माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘पत्र पाठवशील ना?’

मूळ. शब्दशः. माझ्या हातात जे उत्तर होतं त्याचा प्रश्नच आला नाही.

मी नुसता उभाच होतो. काचेपलीकडे निर्माती उभी राहिलेली दिसली. मामांचा हात पाण्यात तसाच थांबला, लाटाही थांबल्या. दुसरं काही सुचेना, तेव्हा मी म्हणालो, ‘लाँच लागली. सांभाळून चढ.’

भोंगा वाजला. उरलेली पानं कशी वाचली ते आठवत नाही.

बाहेर आल्यावर तंत्रज्ञ म्हणाला, ‘एकोणिसाव्या पानावर चार सेकंद नुसतीच शांतता आहे. काढून टाकतो.’

निर्मातीने माझ्याकडे पाहिलं. दुसरा आवाज शेजारी मफलर गुंडाळत होता. म्हणाली, ‘मुळात नव्हती ती.’

‘नव्हती,’ मी म्हटलं.

‘मग राहू दे,’ ती म्हणाली.

निर्मातीने मला बाजूला घेतलं. ‘सर, मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. तुम्ही वाक्य ठेवायला सांगितलंय आणि पुढचं बदलताय म्हणून. त्या बरं म्हणाल्या होत्या. ऐन वेळी विसरल्या की काय?’

सांगितलं होतं. तरी ते वाक्य म्हणाली नाही. का, ते कळलं नाही.

बसपर्यंत पोचवायला गेलो. प्रत मी परत देऊ लागलो तर हात मागे घेतला. ‘ठेव तुझ्याकडे. माझं पाठ आहे.’ बस लागली. तिची पिशवी वर देताना माझ्या तोंडून गेलं, ‘सांभाळून चढा.’

ती पायरीवर थांबून हसायला लागली. ‘संहिता सोडायची नाही म्हणजे नाही, काय रे?’

दार लागलं. बस वळून गेली. मग लक्षात आलं, ती ‘तू’ म्हणाली होती. एकदा नाही, दोनदा.

२९ नोव्हेंबर

सायंकाळी सहाला प्रसारण. ताई आणि मी. ताईने विणकाम घेतलं होतं.

स्वतःचा आवाज ऐकणं म्हणजे पाठमोरं चालताना स्वतःला बघणं. चाल बरी नव्हती. पण तिचा आवाज ऐकत होतो. खोलीत समोर उभं राहून मी तो ऐकलाच नव्हता. मी माझ्या उत्तराची तयारी करत होतो. आज तयारी कसलीच नव्हती.

‘पत्र पाठवशील ना?’

मग ते चार सेकंद. ताईच्या सुया थांबल्या.

‘लाँच लागली. सांभाळून चढ.’

संपल्यावर ताई म्हणाली, ‘काय विचारलं तिने तुला?’

‘पत्र पाठवशील ना. नाटकातलं आहे. मीच लिहिलंय ते.’

‘तू लिहिलंस हे माहीत आहे मला. उत्तर काय दिलंस?’

‘लाँच लागली.’

‘हो. तेवढं ऐकलं,’ ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

३० नोव्हेंबर

नर्सबाईंचा निर्मातीला फोन आला होता. ‘माझं वाक्य कुठे गेलं?’ म्हणून भांडल्या. शेवटी म्हणाल्या, मुलगा या खेपेला जरा थांबला खरा, तेवढी सुधारणा आहे.

रविवारचा स्तंभ लिहून दिला. छोटा आहे. नव्याने केल्याने मूळ सुधारत नाही, एवढंच म्हटलं आहे. मूळ ऐकताना आपण काय ऐकलं नव्हतं ते कळतं, कधी कधी. संपादकांनी विचारलं, ‘हे कुणी लिहिलं?’

कचेरीतून लवकर घरी आलो. टेबल आवरलं. तिचा पत्ता लाँचच्या प्रतीवर मागच्या बाजूला आहे, तिच्या अक्षरात, ताज्या शाईत. तो तिथे आहे हे मी आत्ता पाहिलं.

मायना तिच्या नावाने घातला. नाव लिहिता येतं, असं दिसलं. तिच्या घरी ते मोठ्याने वाचलं जाईल, आणि जावं. त्यात लपवण्यासारखं काही असणार नाही, उशीर सोडला तर.

पहिलं वाक्य लिहून झालं आहे आणि मी ते खोडलेलं नाही:

लाँच लागली नव्हती.